घरची भाषा आणि वर्गातला ‘कच्चा’ विद्यार्थी



शिक्षक संमेलनाच्या अध्यक्षाने शिक्षणाविषयीच्या आपल्या श्रद्धा मांडाव्यात, अशी अपेक्षा असते. माझी श्रद्धा एकच आहे. ज्या मुलाला आपण ‘कच्चा’ म्हणतो, तो पुष्कळदा विषयात कच्चा नसतो. विषय ज्या भाषेतून त्याच्यापुढे येतो, ती त्याच्या घरात कुणी बोलत नसते. सीमेवरच्या आपल्या देगलूर तालुक्याला हे अधिक लागू पडते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत याच तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. सीमा आखली गेली, पण सोयरिकी आणि बाजारहाट तुटले नाहीत. म्हणून आपल्या वर्गांत मराठीच्या शेजारी तेलुगू, कन्नड, दखनी आणि बंजारा घरांतली गोरमाटी बसलेली असते. आपण मात्र सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देतो आणि उत्तर आले नाही की दोष बुद्धीला लावतो.

मराठवाड्याने हा अन्याय स्वतः सोसला आहे. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते हे सिद्ध केले, ही त्याची थोरवीच. पण मराठी किंवा तेलुगू घरातल्या मुलाला ती भाषाही परकीच होती. मराठीतून शिकवणारी १९२१ ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा आणि तिथे अध्यापन करणारे स्वामी रामानंद तीर्थ यांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. जो न्याय आपल्या आधीच्या पिढ्यांनी स्वतःसाठी मागितला, तो तेलुगू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला नाकारणे आपल्याला शोभणारे नाही.

यावर कुणी म्हणेल, घरच्या बोलीत शिकवण्याचे लाड केले तर मूल मराठीत कायमचे मागे राहील. उलट, हातच्याची वजाबाकी घरच्या बोलीत एकदा उमगली की तिचे मराठी शब्द उचलायला वेळ लागत नाही. न उमगलेले शब्द मात्र घोकूनही हाती काही लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्य तिथवर मातृभाषेतूनच शिकवावे असे म्हटले आहे. दुसरा आक्षेप रास्त आहे: पट मोठा आणि गुरुजींना चार भाषा येणार कशा? त्या येण्याची गरज नाही. मुलांना आधी आपसांत आपल्या बोलीत चर्चा करू द्यावी, मराठी आणि ती बोली दोन्ही येणाऱ्या मुलाला दुभाषी करावे, लेखीआधी तोंडी विचारावे. तिसरा आक्षेप लातूर पॅटर्नचा दाखला देईल, की कसून सराव घेतला की यश येते. येते खरे, पण प्रश्न समजलेल्या मुलालाच सराव पुढे नेतो.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि फेरपरीक्षेतही नापास झालेल्याला त्याच वर्गात ठेवता येते. तेव्हा गणितात नापास झालेले मूल खरोखर गणितात नापास झाले की मराठी वाचनात, हे पाहणे ही आपली जबाबदारी ठरते. म्हणून माझी सूचना अशी: पहिलीच्या प्रवेशावेळी प्रत्येक मुलाची घरची भाषा नोंदवावी आणि कोणत्याही विद्यार्थ्याला मागे ठेवण्याआधी त्याची त्या भाषेत, हवी तर दुभाष्याची मदत घेऊन, तोंडी चाचणी घ्यावी. या संमेलनाने तसा ठराव करावा आणि येत्या जूनपासून तो आपापल्या शाळेत अमलात आणावा. त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.