वाट चुकल्यावर
(मंडळाच्या युवक मेळाव्यातील भाषण)



आज ज्या खेळाविषयी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत, त्यातील खरी झुंज प्रेक्षकांच्या नजरेआड, रानात चालते. तो खेळ म्हणजे ओरिएंटियरिंग. नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधारे अनोळखी रानातून धावण्याची शर्यत. स्वीडनच्या सैनिकी शिक्षणातून उगम पावलेल्या या खेळाची पहिली खुली स्पर्धा १८९७ साली नॉर्वेत झाली. नेमून दिलेली ठाणी क्रमाने गाठावयाची. मधली वाट मात्र ज्याची त्याने निवडावयाची.

येथे पायांइतकीच चित्ताची कसोटी लागते. चुकलेला नवखा धावपटू अधिकच वेगाने धावतो आणि समोरची टेकडी नकाशातल्या टेकडीशी बळेच जुळवू पाहतो. मुरलेला धावपटू थांबतो, चूक मान्य करतो आणि जेथवर खात्री होती, त्या खुणेकडे परततो. एकाग्रता म्हणजे कधीच न चुकणे नव्हे. चुकलो हे वेळीच ओळखणे होय.

पण चित्त एकाग्र करावयाचे ते कशासाठी? फ्रान्सच्या तिएरी गेओर्गियूने वैयक्तिक जागतिक सुवर्णपदके मिळविली होती. सांघिक शर्यतीचे मात्र हुलकावणी देत होते. २००८ साली चेक प्रजासत्ताकात, शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असता, त्याच्या घशात मधमाशी गेली आणि शर्यत हुकली. २००९ साली हंगेरीत तो पुन्हा आघाडीच्या तुकडीत होता. तोच स्वीडनच्या मार्टिन युहान्सनच्या मांडीत फांदी घुसली. गेओर्गियू थांबला, नॉर्वेचा आंदेर्स नूर्डबर्ग आणि चेक संघाचा मिखाल स्मोला हेही मदतीस थांबले. सुवर्णपदक स्वित्झर्लंडला गेले. पुढे २०११ साली, मायदेशी सवॉय प्रांतात, फ्रान्सने ते जिंकले. शेवटचा टप्पा गेओर्गियूच धावला!

जिंकण्याची ईर्ष्या अशी असावी, की पडलेल्याला पाहून थांबता यावे आणि तरीही पुढल्या खेपेस धावण्याची उमेद उरावी.

परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही वडीलधारी मंडळी ‘पुढे जा’ एवढेच सांगत आलो. ‘चुकलास तर थांब, परत ये, आम्ही रागावणार नाही’ हे सांगावयाचे राहूनच गेले. मुलांनो, ते आज सांगतो. वाट चुकल्यावर परतून येण्याजोगी एक ओळखीची खूण प्रत्येकाला हवी. हे मंडळ तुमची तशी खूण ठरो, हीच सदिच्छा.