बोअरचा पाइप आणि गंजाचं गणित

मेडशी गावाच्या जमिनीखाली बेसाल्ट आहे. या खडकातलं पाणी सहसा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन वर येतं. बोअरच्या लोखंडी पाइपावर जिथे ऑक्सिजन खर्ची पडतो, तिथे पाणी अल्कधर्मी होतं, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि चुनखडीचा पांढरा थर धरतो. थर घट्ट असला तर गंज मंदावतो. उलट गंजाच्या खड्ड्यात लोहाचे आयन पाणी आम्लधर्मी करतात. पाण्यातल्या या अभिक्रियांचे समतोल वगळून संगणकावर केलेलं गंजाचं गणित फसणारच. या अभिक्रिया फार वेगवान, त्यांनी संगणक रखडतो, असा आक्षेप काही जण घेतात. पण त्यांचा वेग मोजायचाच कशाला? समतोलाचं समीकरण अट म्हणून घातलं की भागतं. थर बसणं मात्र संथ, तिथे वेग धरावाच लागतो. अभियंते लँगेलियर यांनी १९३६ मध्ये चुनखडीचा हाच समतोल संगणकाविना मांडला. आज तो टाळायला सबब नाही.