कित्ता कोणीं गिरवावा?

सायंकाळ झाली कीं मुळा-मुठेच्या कांठीं वसलेल्या खराडींतील उंच इमारतींच्या कांचा उजळूं लागतात. जेथें एके काळीं शेतें डोलत होतीं, तेथें आज ईऑन आयटी पार्कसारखीं संगणकाचीं संकुलें उभीं आहेत. साहजिकच, ज्या मुलाचा हात चित्रकलेंत चालतो, त्याला व्हिडिओ गेमचा व्यवसाय खुणावतो. परंतु त्याच्या आईबापांच्या मनांत हल्लीं एक शंका डोकावते. चित्र, आवाज आणि प्रोग्रॅमसुद्धां जर कृत्रिम बुद्धिमत्ता हुकुमासरशीं करून देणार, तर मुलानें हात झिजवावा तो कशासाठीं?

श्रोतेहो, ही शंका प्रत्यक्ष प्रयोगावर घांसून पाहिलेली बरी. कीवर्ड्स स्टुडिओज ही खेळ बनविणारांचीं कामें करून देणारी मोठी कंपनी. भारतांतील लक्ष्य डिजिटल ही चित्रसंस्था तिच्याच मालकीची. केवळ या नव्या साधनांच्या बळावर एक साधा सपाट चित्रांचा खेळ उभा राहतो काय, हें तिनें करून पाहिलें. चारशेंहून अधिक साधनें हुडकलीं. तरीही अखेर आपल्याच सात स्टुडिओंतील माणसें मदतीस घ्यावीं लागलीं; आणि साधनांना गुणी माणसांची जागा घेतां आली नाहीं, असें तिनें २०२४ सालीं भागधारकांपुढें मोकळेपणानें मांडलें.

असें कां व्हावें, याचें उत्तर पुण्यांतच सांपडतें. येथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें २०२० सालीं 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली एक मुलगी, ही त्याची कथा. तिला राजस्थानी महालांची पार्श्वभूमि द्यावी, पहाडी चित्रशैलीचा आधार घ्यावा, कथा छायाबाहुल्यांकरवीं सांगावी, हें कोणा तरी माणसाला सुचावें लागलें. त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याचें नामांकन झालें. यंत्र पूर्वीं झालेल्या चित्रांवरून शिकतें. म्हणून जें पुष्कळदां झालें, तें तें सफाईनें देतें. जें अद्याप कोणीं केलेंच नाहीं, तें मागावें कसें, हें मागणारालाच ठाऊक असावें लागतें.

खरी भीति निराळीच आहे. नवशिका चित्रकार आरंभीं दगड, झाडें, दारें, पायऱ्या काढतो. कामें हलकीं खरीं, पण तोच त्याचा कित्ता होय. खर्च वाचविण्यासाठीं हीं कामें यंत्राकडे गेलीं, तर आजचे वाकबगार लोक कांहीं वर्षें काम निभावतील. त्यांच्यामागून येणारा कोठें तयार व्हावा? खेळ बनविणारांनाही हा धोका दिसूं लागला आहे. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या पाहणींत या साधनांचा परिणाम अनिष्ट आहे असें म्हणणारे २०२४ सालीं शेंकडा १८ होते. २०२५ सालीं ते शेंकडा ३० झाले.

यंत्राला घराबाहेर घालवावें, असा याचा अर्थ नव्हे. कच्चा आराखडा त्यानें खुशाल करावा. परंतु आधीं मुलाचा हात तयार व्हावा, मग यंत्र त्याच्या हातीं यावें. ज्यानें कित्ता गिरविला आहे, त्यालाच यंत्राची चूक दिसते. आणि ज्याला चूक दिसते, त्याचें काम कोणतेंही यंत्र सहसा हिरावून घेत नाहीं.