टाइमिंग चेन सैल झाली, हे कसे ओळखावे?

आमच्या तोंडवलीला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. पावसाळ्यात समुद्राची गाज अशी चालते की, दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या इंजिनातली कुरकूर कानांपर्यंत पोचतच नाही. पाऊस सरतो, समुद्र निवळतो आणि मग एखाद्या पहाटे मासळी घेऊन आचऱ्याला निघताना ध्यानात येते की, इंजिन खडखडते आहे.

आमच्या वाडीतल्या एका मुलाचे असेच झाले. मी त्याला म्हटले, "बाबा, गाडी दाखवून घे." तो हसून म्हणाला, "गाडी चालता मां? मगे आवाजाक कित्याक भियाचा?" पुढे आवाज वाढला तेव्हा त्याने टॅपेट आवळून घेतले. आवाज थोडा कमी झाला, म्हणून आणखी आवळले. दोन महिन्यांनी गाडी चढ चढेना आणि किक मारली तर पाय अलगद खाली जाई. हेड खोलले तेव्हा एक व्हॉल्व्ह जळलेला, आणि जिच्यामुळे हा सारा प्रपंच झाला ती टाइमिंग चेन होती तशीच सैल! ऐन मासळीच्या दिवसांत गाडी उभी राहिली. श्रोतेहो, तुमच्यावर अशी पाळी येऊ नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ही चेन करते तरी काय? क्रँकचे फिरणे ती कॅमपर्यंत पोचवते. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो आणि त्या हिशेबाने व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. राजदूत, जुनी येझदी ही टू-स्ट्रोक इंजिने. त्यांत असले व्हॉल्व्हच नव्हते. जुन्या बुलेटमध्ये व्हॉल्व्ह होते, पण ते दांड्यांनी उचलले जात. 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली आणि तिच्यासारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांबरोबर ही चेन आपल्या दारात आली.

आपल्याकडे चटकन म्हणतात, "खाऱ्या हवेने चेन गेली." मागच्या चाकाची, बाहेरची चेन खाऱ्या हवेने गंजते, हे खरे. आतली चेन मात्र तेलात असते. तिला खारी हवा लागत नाही. तेल कमी पडले, किंवा काळे झालेले तेल महिनोन् महिने तसेच चालवले, म्हणजे तिच्या पिना आणि बुश झिजतात. लोखंड काही ताणले जात नाही. प्रत्येक कडीत केसभर झीज होते आणि सगळ्या कड्या मिळून चेन लांबते. तो सैलपणा ओढून धरण्यासाठी टेन्शनर असतो. त्याची स्प्रिंग मेली, रबर झिजले किंवा पुढे सरकायला जागाच उरली नाही, म्हणजे चेन आतल्या भिंतीवर आपटू लागते.

आता ओळखायचे कसे? पाने काढण्याआधी गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करून तेल पाहा. तेल कमी असेल तर वरचे सगळेच भाग वाजतात. तेल पुरे भरल्यावर आवाज गेला, तर बरेचसे काम झाले. पण तेल कमी का झाले, ते शोधा.

मग गाडी न्यूट्रलला ठेवून चालू करा. मागची चेन फिरत नाही, तेव्हा तिचा आवाज वगळला. क्लच दाबा. आवाज थांबला तर दोष क्लचकडे असण्याचा संभव अधिक. आता थोडी रेस द्या आणि एकदम सोडा. टॅपेटचा आवाज हेडच्या वरून येतो. तो शिलाई यंत्रासारखा एकसारखा टकटकतो आणि रेसबरोबर जलद होतो. सैल चेन खडखडते, तीही बहुधा स्लोवर आणि रेस सोडताना. मधल्या वेगात ती पुष्कळदा गप्प होते. सकाळी गार इंजिन सुरू करताच काही क्षण खडखड होऊन थांबत असेल, तर आधी टेन्शनर पाहावा.

जागा नक्की करायला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. त्याचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाशी टेकवा. आधी हेडवर, मग चेन ज्या बाजूने जाते त्या सिलिंडरच्या कडेवर. जिथे आवाज मोठा, तिथे घर. सैल कपडे आणि तापलेला सायलेन्सर मात्र सांभाळा.

शेवटची खात्री मेकॅनिककडून करून घ्या. इंजिन बंद आणि गार असताना मॅग्नेटवरची टी खूण जुळवली की, कॅमच्या चक्रावरची खूण हेडच्या खुणेसमोर यायला हवी. मॅग्नेट हाताने किंचित पुढेमागे हलवावा. तो हलतो आणि कॅमचे चक्र जागचे हलत नाही, इतका सैलपणा दिसला, तर चेन गेली. खूण दातभर सरकलेली असेल, तर गाडी चालूच करू नका. आणखी दात सुटले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. त्याच वेळी टॅपेटची फट फिलर गेजने मोजून घ्या. ती गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच ठेवावी. फट उरली नाही, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो.

टेन्शनर सुधारून काम भागले तर उत्तम. चेनच बदलायची झाली, तर गाइड आणि टेन्शनरही बदला, आणि चक्रांचे दात पाहून घ्या. झिजलेल्या दातांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.

त्या मुलाची गाडी आता पुन्हा आचऱ्याला जाते. तेल बदलल्याची तारीख तो घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. आणि गाडी जरा वेगळी वाजली की भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी ती उभी करून आधी ऐकतो, मग पान्याला हात घालतो. तुम्हीही तेवढे करा.