रोपण झालेल्या मुलाची जपणूक



मला बोलण्याची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण धाकट्या बहिणीच्या मुलीच्या आजारपणात जे पाहिले, आणि जी चूक माझ्या हातून झाली, ती आपल्यापुढे सांगावी असे वाटले.

मुलीला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागे. सातव्या वर्षी तिच्या थोरल्या भावाचा हाडांतला मगज जुळला व त्याचे रोपण झाले. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी या मगजात असतात. आपल्या देशात असे पहिले रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले.

आधी जबर औषधे देऊन मुलाचा स्वतःचा मगज रिकामा करतात. मग दुसऱ्याचा मगज रक्तासारखाच शिरेतून सोडतात. तो रुजायला तीनेक आठवडे लागतात. पण रोगाशी झुंजण्याची शक्ती भरून यायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक. तेवढ्यात विषाणू डाव साधतात.

काही विषाणू घरातच दबा धरून असतात. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्यापैकी बहुतेकींच्या अंगात निजलेला असतो. आपल्याला पत्ताही नसतो. अशा मुलाच्या अंगात तो जागा होऊन फुप्फुसे, आतडी, डोळे बिघडवतो. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासून, ताप येण्याआधीच औषध सुरू करतात. कधी विषाणू दात्याच्या मगजातूनही येतो. अमेरिकेतील डेव्हिड व्हेटर या मुलाला १९८३ साली बहिणीचा मगज दिला. त्यात लपलेल्या एप्स्टाइन-बार विषाणूमुळे १९८४ साली तो गेला. आज त्याचीही तपासणी व औषध आहे.

आता माझी चूक. मुलगी घरी आल्यावर मी लाडू घेऊन गेले. बहिणीने दारातच विचारले, "ताई, सर्दी नाही ना?" नाक जरा वाहत होते, तरी मी नाही म्हटले. चौथ्या दिवशी मुलीला ताप भरला. अकरा दिवस रुग्णालयात, प्राणवायूवर. तो विषाणू माझाच होता की नाही हे कोणी सांगू शकत नाही. बहीण एका शब्दानेही बोलली नाही, तेच मला अधिक लागले. देवाच्या दयेने मुलगी बरी झाली; आता शाळेत जाते.

भगिनींनो, अशा घरी जाताना शिंक आली तरी माघारी फिरा. माया दारातूनही करता येते. आत गेलात तर आधी साबणाने हात धुवा. घरच्या सर्वांनी फ्लूची लस घ्यावी. कांजिण्या किंवा नागीण झालेल्या माणसाशी मुलाचा संबंध आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. घरातल्या तान्ह्याला पोलिओचे थेंब देण्यापूर्वी विचारावे. त्याऐवजी टोचण्याची लस मिळते. रोपणानंतर जुन्या लशींचा गुण ओसरतो, म्हणून त्या पुन्हा टोचाव्या लागतात. गोवर-कांजिण्यांच्या मात्र दोन वर्षांच्या आत देत नाहीत.

एवढे ऐकून एकीने जरी दारातून पाऊल मागे घेतले, तरी माझ्या मनावरचा भार थोडा हलका होईल.