लहान पोरं, एक पगार आणि स्टेट पार्क

आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, जे अमेरिकेत राहतात, घरात पाच वर्षांच्या आतलं पोर आहे आणि शनिवार उजाडला की ज्यांना दोन प्रश्न पडतात. पहिला, "आज कुठे न्यायचं यांना?" आणि दुसरा, "कितीला पडेल?"

आधी आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. मी सॉफ्टवेअरमध्ये, पिट्सबर्गजवळ राहतो. बायको एच-फोर व्हिसावर आहे, तिला सध्या काम करता येत नाही. म्हणजे पगार एक, गाडी एक, पोरं दोन. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड. घर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे पोरं नाचली की खालच्यांची तक्रार. सोमवार ते शुक्रवार मी गाडी घेऊन ऑफिसला, आणि बायको त्या दोन खोल्यांत दोन पोरांबरोबर. हिवाळ्यात तर तीन-तीन दिवस तिचं मोठ्या माणसाशी मराठीत बोलणं फक्त फोनवर. त्यामुळे शनिवारी बाहेर पडणं ही आमच्या घराची गरज आहे. आणि दर शनिवारी माणशी २० डॉलरचं तिकीट काढणं आम्हाला जमत नाही.

आम्हाला सापडलेलं उत्तर म्हणजे स्टेट पार्क. नॅशनल पार्क सगळ्यांना माहीत असतात, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन वगैरे. ते केंद्र सरकारचे. स्टेट पार्क त्या त्या राज्याचे. फोटो कमी प्रसिद्ध, पण घराजवळ. आमच्या पेनसिल्व्हेनियात असे शंभराहून जास्त पार्क आहेत आणि त्यांना प्रवेश फी नाही. पार्किंगलाही पैसे नाहीत.

हे आपोआप झालेलं नाही बरं का. मॉरिस गोडार्ड नावाचे एक अधिकारी इथल्या वनखात्याचे प्रमुख होते. १९५५ मध्ये त्यांनी ठरवलं की राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या घरापासून २५ मैलांच्या आत एक स्टेट पार्क पाहिजे. त्यातून पुढे डझनांनी नवे पार्क उभे राहिले. आम्ही नेहमी जातो तो मोरेन स्टेट पार्क त्यातलाच. आज तिथे ३,२२५ एकरांचा तलाव आहे. पूर्वी त्याच जमिनीत कोळशाच्या खाणी आणि तेल-गॅसच्या विहिरी होत्या. खाणी बुजवल्या, विहिरी बंद केल्या, बांध घातला आणि तलाव केला. आपल्यासारख्या साध्या माणसाने पोरांना घेऊन यावं म्हणूनच हे केलंय. तेव्हा "फुकट आहे म्हणजे काहीतरी कमी असणार" हा विचार डोक्यातून काढून टाका.

आता खरा मुद्दा. लहान पोरांबरोबर जायचं तर आपली सहलीची सवय बदलावी लागते. आपण महाबळेश्वरला जातो तेव्हा एका दिवसात सगळे पॉइंट उरकतो ना? गाडीतून उतरा, फोटो काढा, पुढच्या पॉइंटला चला. चार वर्षांच्या पोरीला तो कडा, ती दरी, काहीही नको असतं. तिला पाण्यात दगड टाकायचे असतात. एक तास. तोच दगड, तेच पाणी. दीड वर्षाच्या पोराला एक काठी मिळाली की त्याचा दिवस झाला.

म्हणून आमचे नियम तीन. एक, एका दिवशी एकच जागा. दोन, नवा पार्क शोधण्यापेक्षा जवळच्याच पार्कला पुन्हा पुन्हा जायचं. पोरांना जागा ओळखीची झाली की रडारड कमी होते. बाथरूम कुठे, सावली कुठे, हे आपल्यालाही पाठ होतं. तीन, सकाळी नऊला पोचायचं आणि एकच्या आत निघायचं. पार्किंग मिळतं, ऊन कमी असतं, आणि परतताना पोरं गाडीत झोपतात. तेवढा पाऊण तास आम्ही नवरा-बायको शांतपणे बोलतो. आठवड्यातला तो आमचा सगळ्यात चांगला वेळ असतो, खोटं नाही सांगत.

खर्चाचा हिशोब सांगतो. जाऊन-येऊन ८०-९० मैल, म्हणजे साधारण तीन गॅलन गॅस, दहा-बारा डॉलर. बाकी सगळं घरचं. मेथीचे पराठे, दहीभात, उकडलेली अंडी, आणि कोरडी भेळ वेगवेगळ्या डब्यांत नेऊन तिथे कालवायची. पिकनिकच्या जागी बऱ्याच ठिकाणी लोखंडी ग्रिल असतात. कोळसा आपला न्यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे गोड कणसं स्वस्त मिळतात. ती भाजायची आणि वर लिंबू, तिखट, मीठ. शेजारच्या टेबलावरचे अमेरिकन लोक वास घेत येतात, मग ओळखी होतात. बायकोची इथली पहिली मैत्रीण अशीच एका कणसावर झाली.

आणखी एक. पार्कमध्ये छपराच्या मोठ्या शेड असतात, त्यांना पॅव्हिलियन म्हणतात. पैसे भरून आधी बुक करता येतात. पण त्या दिवशी कुणी बुक केली नसेल तर जो आधी येईल त्याची, फुकट. लेकीचा चौथा वाढदिवस आम्ही तिथेच केला. इनडोअर प्ले एरियावाल्याने काही शे डॉलर सांगितले होते. आम्ही पावभाजी घरून नेली, केक घरी केला. पोरं चार तास गवतात पळत होती.

जागा कुठल्या, तर पिट्सबर्गच्या आसपासच्या सांगतो. शहरातच पॉइंट स्टेट पार्क आहे. तिथे अलेघेनी आणि मोनोंगाहेला नद्यांचा संगम होऊन ओहायो नदी सुरू होते. मोठं कारंजं आहे, सपाट रस्ते आहेत, बाबागाडी आरामात जाते. फक्त पार्किंग शहराचं, त्याला पैसे पडतात. पश्चिमेला रॅकून क्रीक. तिथलं रानफुलांचं राखीव जंगल एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत बघा. फुलं मात्र तोडायची नाहीत. दक्षिणेला ओहायोपाइल. तिथले धबधबे प्रसिद्ध आहेत, पण लहान पोरं असतील तर गावातून जाणारी ग्रेट अलेघेनी पॅसेज ही वाट धरा. जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट वाट आहे, नदीवरच्या पुलावरून जाते. आणि वर्षातून एकदा प्रेस्क आयल, दोन-सव्वादोन तासांवर, ईरी सरोवराच्या काठी. वाळू, लाटा, पलीकडचा किनारा दिसतच नाही. आमची लेक पाणी चाखून म्हणाली, "बाबा, यात मीठ घालायला विसरले."

आता काळजीचं बोलू, कारण इथे निष्काळजीपणा परवडत नाही.

पाणी. तलावाच्या बीचवर लाइफगार्ड नाही असं धरूनच चला. पोर पाण्यात असेल तेव्हा मोठ्यांपैकी एकाने फोन बाजूला ठेवून हाताच्या अंतरावर उभं राहायचं. "तू बघतोयस ना?" "मला वाटलं तू बघतेयस" हे होऊ देऊ नका. तोंडाने बोलून पाळी ठरवा. छोट्या बोटीत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं इथे कायद्यानेच सक्तीचं आहे. आणि मॅकोनेल्स मिलसारख्या पार्कमध्ये जुनी पाणचक्की आणि १८७४ चा छपराचा पूल जरूर बघा, पण तिथल्या ओढ्यात उतरायचं नाही. पाणी जोरात वाहतं, दगड निसरडे आहेत, पोहायला मनाई आहे.

गोचीड. आपल्याकडे गाईगुरांना होते तीच, पण इथली एक जात माणसाला चावून लाइम नावाचा आजार देते. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, वाटेच्या मधून चाला. घरी आल्यावर पोरांना अंघोळ घालताना कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्यामागे बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी असले उपाय नकोत. नंतर काही आठवड्यांत लाल चट्टा पसरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

शिकार. हे नवीन आलेल्यांना माहीत नसतं. इथल्या बऱ्याच स्टेट पार्कच्या काही भागांत हंगामात शिकारीला परवानगी असते. शरद ऋतूपासून पुढे जाताना सगळ्यांना भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला आणि पार्कच्या पानावर हंगाम बघून घ्या.

आणि मोबाइलची रेंज. जंगलात ती जाते. नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा.

दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला नियम बघा. मिसुरी आणि टेनेसीमध्येही प्रवेश फी नाही. टेक्सासमध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना रोजची फी नाही. जॉर्जियात सार्वजनिक लायब्ररीतून पुस्तकासारखा पार्कचा पास घरी नेता येतो, कॅलिफोर्नियातही २०२२ पासून तशी सोय सुरू झाली. तेव्हा पैसे भरण्याआधी लायब्ररीत विचारा.

या शनिवारी एवढंच करा. घराजवळचा एक स्टेट पार्क नकाशावर शोधा, डबा भरा, सतरंजी घ्या, कपड्यांचा एक जादा जोड घ्या, कारण पोरं चिखलात बसणारच. आणि शेजारी कुणी नवीन आलेलं मराठी कुटुंब असेल, ज्यांच्याकडे अजून गाडी नाही, तर त्यांना विचारा. कार सीटचं आधी ठरवा, मग बरोबर घेऊन जा. आम्हाला सुरुवातीला एका काकूंनी असंच नेलं होतं.

तुमच्या राज्यातला तुमचा आवडता पार्क मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, काळजी घ्या!