आजोबांची पेन्शन



शाळेच्या फाटकाशी खाकी स्वेटर घालून ताठ उभे राहणारे माझे आजोबा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले.

तरुणपणी ते मराठा पलटणीत भरती झाले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी दोघा जखमींना खोल पाण्यातून वाहून आणलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ही हकिगत ते रंगवून सांगत. “आणि तुम्ही काय केलंत?” असं विचारलं की म्हणत, “मी परत आलो.”

माझे वडील अकाली गेले. “तीन पोरी, शिकवायच्या कशाला?” असं भावकी म्हणाली. आजोबा वाद घालत बसले नाहीत. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचे आणि पेन्शन आली की आधी आमची फी भरायचे. “मी आहे तोवर पोरी शिकतील,” एवढंच बोलायचे.

आम्ही तिघीही शिकलो. ते परत आले, म्हणून मी आज इथं उभी आहे.